बर्फावरची शिंपली

“ही टोपली उचल आणि चालू लाग,” असं म्हणत दशरथशेठने टोपलीला पायाने ढकललं.

टोपली पायरीवरून कलंडली. बर्फाचे खडे वाळूत विखुरले आणि त्यांच्यामागून चार पापलेटं. सोनूबाई ती वेचायला खाली वाकली. तिची मुलगी कमळ मात्र शेठकडे अशी बघत राहिली, की आता ही त्याला चावते की काय असं वसुधाला वाटलं.

वसुधा आणि तिचा धाकटा भाऊ अनंता कुंपणाबाहेर सुरूच्या झाडाखाली उभे होते. दिवाळीच्या सुट्टीत ते मुलुंडहून मढला सोनूआत्याकडे आले होते. कमळ त्यांची आतेबहीण. आत्या ‘सागरछाया’ हॉटेलात मासळी देईपर्यंत इथेच थांबायचं आणि मग पुळणीवरच्या वाळूत खेळायला जायचं, असा त्यांचा बेत होता.

“काल माझ्याकडे जेवून अकरा माणसं लाल झाली,” शेठ रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. “अर्ध्या तासात तोंडं लालबुंद, अंगभर खाज. एक बाई चक्कर येऊन पडली. सगळ्यांनी बांगडा खाल्ला होता. तुझा शिळा बांगडा.”

“बांगडा पहाटेचा होता,” आत्या म्हणाली. “बर्फात घालून आणला. तुझ्याच माणसाने निवडून घेतला.”

“ते जमातीत सांग. पुढच्या सोमवारी पाटलांसमोर मी येतोय. मग बंदरावर तुझी जागा राहते का बघू.”

आत्याचे हात थांबले. कमळचे बाबा गेल्यापासून बंदरावरच्या त्या चार हात जागेवर तिचं घर चालायचं. जमातीने, म्हणजे कोळीवाड्याच्या पंचायतीने, जागा काढली, की टोपली घेऊन बसायलाही ठिकाण नव्हतं.

घरी येताना वाटेत सुगंधाबाई भेटली. तीही मासळीवालीच. शेठने आजपासून तिला बोलावलं होतं.

“काय गो सोनू,” ती हसत म्हणाली, “आज कुणाला रंगवलंस?”

मागच्या दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्या. कमळने दगड उचलला. वसुधाने तो तिच्या मुठीतून काढून घेतला.

“मार की मग,” कमळ फणकारली. “तुम्ही शहरातले नुसते विचार करत बसा.”

“विचारच करणार आहे. काल आपण काय जेवलो?”

“बांगडा.”

“कुठल्या टोपलीतला?”

कमळ चालता चालता थांबली. “त्याच.”

“मी चार खाल्ले,” अनंता म्हणाला. “आणि मी अजिबात लाल नाहीये. काळाच आहे.”

“म्हणजे घरातून निघाला तेव्हा मासा चांगला होता,” वसुधा म्हणाली. “जे झालं ते नंतर झालं.”

“हे शेठला सांगून बघ. म्हणेल, घरचेच साक्षीदार.”

म्हणून तिघं आधी डॉक्टर मृणालिनींकडे गेली. त्या अकरा जणांना त्यांनीच तपासलं होतं. दवाखान्यात गर्दी होती आणि त्यांना वेळ नव्हता, तरी वसुधाने विचारलेला पहिला प्रश्न ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाई, ताजा मासा किती तासांत बिघडतो?”

“चांगला प्रश्न आहे. बांगडा, कुपा अशा माशांना फार जपावं लागतं. उबेत काही तास राहिले, की त्यांच्यात एक द्रव्य तयार होतं. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. गंमत म्हणजे ते द्रव्य तळून जात नाही. मासा पुन्हा गार करूनही जात नाही. वास येईलच असंही नाही.”

“मग तसं पाटलांना सांगा ना,” कमळ म्हणाली.

“मासा उबेत राहिला होता एवढं मी सांगेन. पण कुठे राहिला? तुझ्या आईच्या टोपलीत की हॉटेलात? ते मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं मी सांगणार नाही.”

कमळला ते उत्तर मुळीच आवडलं नाही. वसुधाला आवडलं.

मंगळवारी संध्याकाळी तिघं ‘सागरछाया’च्या कुंपणापाशी आली. हॉटेलात गल्ल्याच्या वर, उंच फळीवर शेठने नवा रंगीत टीव्ही ठेवला होता. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. तेवढ्यात आतून घर्रर्र असा आवाज आला आणि टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी दोन-दोन बोटं आकसलं. ट्रॅक्टरवरचा शेतकरी एकदम रोडावला.

“आमच्या शेजारच्या काकूंकडे पण असंच होतं,” अनंता म्हणाला. “फ्रीज सुरू झाला की चित्र बारीक. व्होल्टेज कमी आहे ना.”

“इथे तर कायमच कमी असतं,” कमळ म्हणाली.

वसुधा चित्राकडे बघत होती. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा घर्रर्र, पुन्हा चित्र बारीक.

“अनंता, रविवारी आपण इथेच उभं राहून व्हिडिओवर पिक्चर पाहिला होता ना?”

“एक नाही, दोन. पाय मोडले माझे.”

“चित्र कितीदा आकसलं?”

अनंताने डोकं खाजवलं. “एकदाही नाही,” तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. “एकदाही नाही, ताई. दुपारभर.”

“फ्रीज बंद होता,” कमळ हळूच म्हणाली. “पिक्चर नीट दिसावा म्हणून ह्या माणसाने फ्रीज बंद ठेवला, आणि आई चोर ठरली.” तिने कुंपणावर पाय टाकला होता. अनंताने तिला मागून ओढलं.

“आत्ता फ्रीज चालू आहे,” वसुधा म्हणाली. “आत्ता जाऊन काय दाखवशील? रविवारी पुन्हा व्हिडिओ लागेल, तेव्हा तो बंद असताना पकडायला हवा. आणि आपण पकडतोय हे त्याला कळायला नको.”

तिची युक्ती साधी होती. स्टीलच्या डब्यात बोटभर पाणी घालून बर्फ करायचा आणि त्यावर एक शिंपली ठेवायची. फ्रीज चालू असेल, तर शिंपली वरच राहील. बंद झाला, तर बर्फ वितळेल आणि शिंपली तळाशी जाईल. मग संध्याकाळी फ्रीज लावून सगळं पुन्हा गोठवलं, तरी शिंपली काही वर येणार नाही.

डॉक्टरबाईंनी आपल्या फ्रीजमध्ये एक सोडून दोन डबे ठेवू दिले. दुसरा वसुधा हलवणारच नव्हती. चालू फ्रीजमध्ये शिंपली खरोखर वर राहते, हेही दिसायला हवं होतं.

रविवारी सकाळी दहा वाजता वसुधा आणि अनंता दिवाळीचे नवे कपडे घालून ‘सागरछाया’त शिरले. कमळला शेठ ओळखायचा, म्हणून ती बाहेर सुरूच्या झाडामागे थांबली. अनंताने गुडघ्याला फडकं गुंडाळलं होतं आणि तो गरजेपेक्षा जास्त लंगडत होता.

“क्रिकेट खेळताना आपटला,” वसुधा वेटरला म्हणाली. “शेकायला बर्फ आणलाय. संध्याकाळपर्यंत तुमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाल का? तोवर आम्ही इथेच आहोत.”

धोंडिराम नावाच्या त्या पोक्त वेटरने कुरकुर करत डबा नेला. मोरीजवळचं फ्रीजचं दार त्याने उघडलं तेव्हा दाराचं फाटलेलं रबर खाली लोंबलेलं वसुधाला दिसलं. अकराच्या सुमाराला शेठने व्हिडिओ लावला आणि धोंडिरामकडे बघून मान हलवली. धोंडिरामने मोरीजवळची फ्रीजची पिन काढली.

आता फक्त सहा वाजेपर्यंत बसायचं होतं. आधी मिसळ झाली, मग चहा, मग भजी. अनंता एकेक भजं सहा घासांत खात होता.

“काय रे, गवत चघळतोस का?” शेठने गल्ल्यावरून विचारलं. “खाऊन झालं असेल तर उठा. गर्दीची वेळ आहे.”

“अजून एक प्लेट आणा,” अनंता म्हणाला आणि कण्हत गुडघा चोळू लागला. दुसऱ्या गुडघ्याला फडकं होतं. वसुधाने टेबलाखालून त्याला लाथ मारली.

होड्या भरून माणसं येत होती. धोंडिराम थंड बाटल्यांसाठी सारखं फ्रीजचं दार उघडत होता. पडद्यावर मारामारी चालली होती आणि चित्र अगदी ठणठणीत होतं. तीन तास झाले. वसुधा मनात खूश झाली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

मग शेजारच्या टेबलावर घाटकोपरहून आलेलं एक कुटुंब बसलं. आडव्या अंगाचे वडील, आई आणि पाचेक वर्षांची एक मुलगी.

“तीन बांगडा फ्राय,” वडील म्हणाले. “छोटीला कमी तिखट.”

अनंताने वसुधाकडे पाहिलं. तिने हातातलं भजं ताटलीत ठेवलं. आत्ता काही बोललं, तर शेठ त्यांना हाकलून देईल. डबा हातचा जाईल, उद्या जमात बसेल आणि आत्याची जागा जाईल. आणि गप्प राहिलं, तर? छोटी मुलगी चमच्याने ताट वाजवत होती.

वसुधा उठली.

“काकू, बांगडा खाऊ नका. मासळी सकाळपासून बंद फ्रीजमध्ये आहे. मागच्या रविवारी इथे अकरा माणसं आजारी पडली.”

ती हळू बोलली होती, पण काकूंनी तेच मोठ्याने विचारलं, “अकरा माणसं आजारी?”

शेठ गल्ल्यामागून इतक्या जोरात आला, की खुर्ची पडली.

“कोण रे तुम्ही? कुणी पाठवलं?” त्याने अनंताची कॉलर धरली. “त्या कोळणीची पोरं ना? माझा धंदा बुडवायला बसवलीत सकाळपासून.”

“हात काढ,” दारातून आवाज आला. कमळ कुंपण ओलांडून आली होती, तिचा फ्रॉक खिळ्याला लागून फाटला होता. “माझ्या आईचं नाव तू बुडवलंस. त्याला सोड आधी.”

“फ्रीज बंद म्हणे,” शेठ सगळ्या टेबलांकडे वळून म्हणाला. “सकाळपासून चालू आहे माझा फ्रीज. दर महिन्याला एवढी वीज जाळतो, ती काय उगाच?” बोलता बोलता त्याने धोंडिरामकडे डोळे वटारले.

धोंडिराम मोरीकडे पळाला. पुढच्याच क्षणी आतून घर्रर्र असा आवाज आला आणि पडद्यावरचा हीरो चारी बाजूंनी आकसला.

“ओ शेठ, पिक्चर बघा,” कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं.

“हाच तो फ्रीज,” वसुधा पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली. तिचा एकेक शब्द वेगळा येत होता. “तो चालू झाला की चित्र बारीक होतं. सकाळपासून एकदा तरी झालं होतं का? तुम्ही सगळे इथेच बसलाय. तुम्हीच सांगा.”

मग घाटकोपरचे काका उठले. त्यांनी फ्रीज उघडला आणि बांगड्यांच्या परातीत हात घातला.

“कोमट आहे,” ते म्हणाले.

“लाइट गेली होती मधे,” शेठ म्हणाला.

“पिक्चर चालू होता की,” अनंता म्हणाला. त्याची कॉलर अजून शेठच्या मुठीतच होती. “आणि आमचा डबा आणा.”

काकांनीच डबा काढला. झाकण उघडल्यावर आत नुसतं पाणी होतं आणि पाण्याच्या तळाशी शिंपली. वसुधाने ती वर का ठेवली होती, हे त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी शेठचं मनगट पकडून अनंताची कॉलर सोडवली.

“तुमचे ते जमातीचे पाटील कुठे राहतात?” त्यांनी कमळला विचारलं.

ते तसेच, न जेवता, छोटीला खांद्यावर घेऊन मुलांबरोबर गेले. वाटेत दवाखान्यातून डॉक्टरबाईंनाही बरोबर घेतलं. त्यांच्या हातात दुसरा डबा होता, आणि त्यातली शिंपली घट्ट बर्फावर होती. पाटलांनी दोन्ही डबे ओटीवर ठेवून बराच वेळ पाहिले.

“उद्या जमात बसायची गरज नाय,” ते शेवटी म्हणाले. “दशरथला मीच बोलावतो. आणि ह्या पोरीला शिकवा पुढे. हिच्या डोक्यात दिवा हाय.”

“मी अकरा रोगी तपासले,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण टीव्हीकडे बघायचं मला सुचलं नाही.”

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर तिघांना ओळीत उभं केलं.

“मला न विचारता पुन्हा असल्या माणसाच्या हॉटेलात पाऊल टाकलंत, तर तंगड्या मोडीन एकेकाच्या.” मग तिने वसुधाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या हातांना मासळीचा वास होता. “त्या लेकराला खाऊ दिलं नाहीस, ते लय चांगलं केलंस. माझी जागा गेली असती तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं,” कमळ म्हणाली.

“नसतं चाललं,” आत्याने कबूल केलं, आणि पहिल्यांदाच हसली.

सोमवारी पहाटे बंदरावर मचवे लागले. सुगंधाबाईने आत्याकडे पाहिलं नाही; फक्त आठवडाभर आत्याच्या जागेत सरकवलेली आपली टोपली हातभर मागे ओढली. आत्या आपल्या जागेवर बसली. मुलांनी बर्फ फोडून दिला.

सात वाजता दशरथशेठ स्वतः आला. हातात पिशवी, नजर वाळूत.

“झालं ते झालं, सोनूबाई,” तो म्हणाला. “बांगडा काढ.”

बंदरावरच्या साऱ्या बायकांनी माना वळवल्या. आत्याने सावकाश टोपलीवर ओलं फडकं पसरलं.

“बांगडा नाय मिळायचा,” ती म्हणाली. “सुके बोंबील घेऊन जा. फ्रीज बंद असला तरी चालतं त्यांना.”

सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने सुगंधाबाई हसली.