तुलनेसाठी एक निरोगी पान

"मॅडम, हा कोणता रोग?"

त्यानं फोन पुढं केला. पडद्यावर नुसता हिरवट धूर. पान कुठं संपतं आणि बांध कुठं सुरू होतो, काही कळेना.

"हा रोग नाही," मी म्हणाले. "हे धुकं आहे."

त्या जुलैत मी अणदूरच्या पीक सल्ला केंद्रात नवीनच लागले होते. हातात कृषी पदवी, टेबलावर एक भिंग, आणि समोर हा, जळकोटचा नंदीश. सोलापूरला निघाला होता; बोर्ड दिसला म्हणून मोटारसायकल थांबवली म्हणे.

मी फोन उलटा केला. कॅमेऱ्याच्या काचेवर फवारणीचा थर आणि बोटांचे ठसे. ओढणीच्या टोकानं काच पुसली. तो बघत होता... काचेकडं नव्हे.

"आता ऐका. झूम करायचं नाही, फोटो फाटतो. वीतभर जवळ जायचं. पडद्यावर पान दिसतं तिथं बोट टेकवायचं, म्हणजे कॅमेऱ्याला कळतं कशाकडं बघायचं. भर दुपारी नको, सकाळी साडेसातला काढा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, ठिपका केवढा ते मला समजेल. कोपरं बरगड्यांना टेकवा. आणि बटण दाबताना श्वास रोखा."

"श्वासबी?"

"छाती हलली की हात हलतो."

"बाकी जमंल," तो हसला. "श्वासाचं बघू."

दुसऱ्या दिवशी सात पस्तीसला फोटो आला. सोयाबीनच्या पानाची शीर न् शीर मोजता येत होती. नाण्याशेजारी तांबूस ठिपके, आणि टोकाला दवाचा एक थेंब, ज्याची काही गरज नव्हती. मी औषध लिहून पाठवलं. मग रोज एक फोटो येऊ लागला. रविवारीसुद्धा. सात पस्तीस झाले की माझा चहा निवायचा...

ऑगस्टच्या शेवटी मला शंका आली. त्या दिवशीच्या पानाच्या डाव्या कडेला अळीनं कुरतडलेली एक खाच होती. मी सोमवारचा फोटो उघडला, फोन उलटा धरला. तीच खाच! मंगळवारी तीच, बुधवारी तीच. मी फोन लावला.

"नंदीश, सोमवारच्या अळीनं जिथं खाल्लं, तिथंच आजच्या अळीनंही खाल्लंय."

तो आधी खाकरला. मग — "आमच्या अळ्या लई शिस्तीच्या हायेत, मॅडम."

"खरं सांगा."

"रोग गेला की. आठ दिवस झाले." तो अडखळला. "पीक चांगलं झाल्यावर फोटो कशाला पाठवायचा? म्हणून जुनाच... फिरवून फिरवून..."

मी घडीचं भिंग उगाच उघडलं, मिटलं.

"निरोगी पानांचेही फोटो लागतात," मी म्हणाले. "तुलनेसाठी."

"किती?"

"रोज एक."

सप्टेंबरभर निरोगी पानं आली. फुलं आली, शेंगा आल्या. एका फोटोत पानावर त्याच्याच डोक्याची सावली पडली होती. शास्त्रानुसार तो फोटो बाद. मी तो ठेवून दिला. सावली टाळा, असं काही लिहिलं नाही.

आणि मग हैदराबादचं पत्र आलं. तिथल्या बियाणं प्रयोगशाळेत मी मे महिन्यात अर्ज केला होता, तेव्हा जळकोट माझ्यासाठी रस्त्यावरचं एक नाव होतं.

"जावा की," केंद्राच्या दारात उभं राहून नंदीश म्हणाला. "तिथं मोठी भिंगं असतील." मग खाली बघत — "आमचे आप्पा म्हणत्यात, शिकलेली पोरगी चार एकराकडं कशाला बघंल..."

वाक्य तिथंच राहिलं. मला पुरं करता आलं असतं. मी केलं नाही.

शनिवारी सकाळी हैदराबादच्या एसटीत बसले. नळदुर्ग मागं पडलं. सात पस्तीस झाले, फोन गप्पच. ही जलद गाडी जळकोटला थांबत नव्हती. तेवढ्यात रस्त्याकडेला तो दिसला. कोपरं बरगड्यांना टेकवलेली, फोन डोळ्यांसमोर. दिसला... आणि गेला.

मिनिटभरानं फोटो आला. लाल फराटा, एक खिडकी, खिडकीत पिवळ्या ओढणीचा ओघळ. पहिल्या दिवशीसारखं धुकंच.

मी फोन लावला. "काच पुसली होती?"

"दोनदा."

"बोट टेकवलं?"

"तुमच्यावरच."

"मग श्वास रोखला नसणार."

"रोखला व्हता." आवाज बारीक झाला. "अजून सोडला न्हाय."

खिडकीबाहेर पिवळं पडत चाललेलं सोयाबीन मागं पळत होतं. मी फोटो पुन्हा पाहिला.

"चूक तुमची नाही," मी म्हणाले. "मी पळत होते. दिवाळीला जळकोटला थांबणारी गाडी धरते. उतरून उभी राहीन, मग नीट काढा."

"व्हय...?"

"आणि आप्पांना सांगा, ते चार एकर मी वीतभरावरून बघितलेत. रोज."

पलीकडून आधी एक लांब श्वास ऐकू आला.