तेलाचा ताप

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. भिजलेली जीन्स, चिखलाने माखलेले बूट, आणि बाकीचा माणूस गाडीखाली.

ऑक्टोबर होता. परतीचा पाऊस नुकताच झोडपून गेला होता आणि पोलादपूरला, महाबळेश्वरचा घाट उतरून येतो तिथे, तापलेल्या डांबरातून वाफा निघत होत्या. एका डंपरचा रेडिएटर पोचवून मी स्कूटरने महाडला परत निघाले होते. थांबायचं काही कारण नव्हतं. पण वास आला… जळक्या इंजिन ऑइलचा. आमच्या घरात तो वास कपड्यांना असतो, केसांना असतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करणं मला जमत नाही.

"उजवीकडे बघा," मी म्हणाले.

"काय?" गाडीखालून आवाज आला.

"वास उजवीकडून येतोय. तुम्ही डावीकडे शोधताय."

पाय उजवीकडे सरकले, आणि — "च्यायला! सापडलं."

तो बाहेर आला. गालावर तेलाचा काळा पट्टा, आणि डोळे असे, की समोरचा माणूस आहे की भास आहे हे ठरवतोय. छोटी चंदेरी गाडी होती, दारावर मोठा अठरा आकडा. मी वाकून पुढून आत पाहिलं आणि मला हसू आवरेना.

"एवढा मोठा ऑइल कूलर? बसला लावायचा होता का?"

"चौतीस पट्ट्यांचा हाय," तो जरा दुखावून म्हणाला. "ऑनलाइन मागवला. मागच्या महिन्यात ट्रॅकवर तेल एकशे अडतीस डिग्रीला गेलं. म्हटलं, मोठा लावला की विषय संपला."

"आणि आता?"

"आता रस्त्यावर गरमच होत नाही. साठ-पासष्टच्या वर काटा हलत नाही. त्यात हा जॉइंट गळतोय."

"तेलाला ताप नको, तशी हुडहुडीही नको. गार तेल घट्ट असतं, इंजिनाला धड पोचत नाही. तुम्ही त्याला तापातून काढून थेट बर्फात बसवलंत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी सरळ विचारलं, "तुम्ही कोण?"

मी निशिगंधा सकपाळ. महाडला माझ्या पप्पांचं, महिपत सकपाळांचं, रेडिएटरचं वर्कशॉप आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी तिथेच काम करते. तो हर्षद दरेकर, वर डोंगरातल्या कुडपणच्या बाजूच्या एका वाडीतला. आईला भेटून मुंबईला परत निघाला होता. मुंबईत तो एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, आणि ही गाडी अपघातात चेपलेली उचलून तीन वर्षं रोज संध्याकाळी उभी करत आणली होती. पुढच्या रविवारी पुण्यापलीकडच्या ट्रॅकवर चाचणी होती. दक्षिणेतल्या एका रेसिंग टीमला एक ड्रायव्हर हवा होता. एक फेरी, एक मिनिट वीस सेकंदांच्या आत. जमलं तर तो टीममध्ये. नाही जमलं तर… "पुन्हा कोण बोलावतंय मला," तो म्हणाला आणि हसला. हसणं फार लवकर संपलं.

आम्ही तिथेच कूलर काढला, तेलाचा फिल्टर मूळ जागी बसवला, आणि तो माझ्या स्कूटरमागून हळूहळू महाडला आला. आरशात मी किती वेळा पाहिलं ते विचारू नका. रस्ता ओला होता, पाहावंच लागतं.

पप्पांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "वारा कुठनं येतो ते बघ आधी. वाराच नाय लागला तर कूलर मोठा काय नि बारका काय."

बाकावर आम्ही कूलर मांडले. त्याचा चौतीस पट्ट्यांचा आणि आमच्याकडचा एकोणीसचा. तो पुन्हा पुन्हा मोठ्याला हात लावत होता.

"ट्रॅकवर कमी पडला तर?"

"याला पुढची अर्धी जाळी लागते. मागच्या रेडिएटरला वारा कुठून? तेल गार आणि पाणी उकळणार. शिवाय तेल एवढ्या लांबून फिरलं की दाब पडतो." मी एकोणीसचा उचलून डाव्या चाकापुढच्या मोकळ्या जागेत धरला. "हा इथे. पुढून पत्र्याचा बोगदा करू, म्हणजे सगळा वारा यातूनच जाईल. आणि मध्ये थर्मोस्टॅट. ऐंशी डिग्रीपर्यंत तेलाला कूलरकडे जाऊच देत नाही तो."

"म्हणजे तापेपर्यंत अडवतो, आणि तापलं की दार उघडतो?"

"हो."

"माणसांसाठी मिळतो का असा?"

"ऑर्डर द्यावी लागते," मी म्हणाले, आणि पत्रा कापायला वळले. कान गरम झाले होते.

सगळं ठरलं. राहिले फक्त पाइप. दोन होजपाइप कापायचे आणि त्यांच्या टोकांना मशीनवर फिटिंग दाबून बसवायचं. ते काम पप्पांचं. मी दोन वर्षं त्या मशीनला हात लावला नव्हता.

कारण चांगूमामा, आमचं जुनं गिऱ्हाईक. वरंध घाटात त्यांच्या टेम्पोचा ऑइलचा पाइप फिटिंगमधून सुटला होता. तो पाइप मी दाबला होता. इंजिन जागीच जाम झालं, टेम्पो मागे घरंगळत कठड्याला टेकला आणि मामांचा पाय मोडला. आजही ते लंगडत आमच्याकडेच येतात, माझ्या हातचा चहा पितात, त्याबद्दल एका शब्दाने बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी हर्षद पुन्हा आला, आणि त्याच सकाळी पप्पा तुडीलला शेतावर निघाले. "भात आडवं झालंय पावसानं. आज नाय कापलं तर शेतातच कुजंल. पाइप तू दाब."

"पप्पा, मी नाही…"

"मग कोण?" ते चप्पल घालत म्हणाले. "मी किती दिस पुरणार हाय गो तुला?"

मी हर्षदला सगळं सांगितलं. टेम्पो, घाट, पाय, सगळं. वाटलं, हा पाइप उचलून मुंबईचा रस्ता धरेल. एकशे ऐंशीच्या वेगात तो पाइप त्याच्या पायांपासून तीन फुटांवर असणार होता.

त्याने पाइपाचं टोक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "तेव्हा काय चुकलं होतं, माहितीये?"

"पाइप पूर्ण आत गेला नव्हता. मी खूण केली नव्हती."

"मग आता खूण करू."

त्याने खडू दिला. मी खूण केली, मोजलं, पुन्हा मोजलं. मशीनचा दट्ट्या खाली आला तेव्हा खूण फिटिंगच्या काठाशीच होती. चार टोकं. चारही वेळा मी श्वास रोखून धरला. मग पाइप पाण्याच्या हौदात बुडवून हवेचा दाब दिला. गळत असेल तर बुडबुडा येतो.

आम्ही दोघं हौदावर वाकलो. एक मिनिट… दोन… पाणी हललं नाही. त्या स्थिर पाण्यात दोन चेहरे शेजारी शेजारी, आणि त्यातला एक पाइपाकडे बघतच नव्हता.

"बुडबुडा शोधा," मी म्हणाले.

"शोधतोय," तो म्हणाला. नजर हलली नाही.

"पाच मिनिटं झाली," थोड्या वेळाने मी म्हणाले.

"अजून पाच बघू. रिस्क नको."

रविवारी मी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले. पप्पांना म्हटलं होतं, आपलं काम आहे, बघायला हवं. ते नुसतं "हं" म्हणाले.

तिथून पुढे ट्रॅकवर पोचले. आवाज, जळक्या रबराचा वास, गाड्या अशा सुटत होत्या की मान वळेपर्यंत दिसेनाशा. हर्षदने हेल्मेट घालायच्या आधी माझ्या हातात एक फळी दिली. "मी समोरून जाईन तेव्हा ठीक असेल तर हिरवी बाजू. काही बिघडलं तर लाल. लाल दिसली की मी ट्रॅक सोडून आत येणार."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"गाडीखाली माणूस असताना वासावरून बाजू कळते तुला," तो म्हणाला आणि गेला.

पहिली फेरी. हिरवी. दुसरी. हिरवी. तिसरीला त्याची वेळ एक मिनिट एकवीस. चौथीला एकवीसच्या जरा आत. माझं लक्ष वेळेकडे नव्हतंच. मी डाव्या चाकाकडे बघत होते. आणि पाचव्या फेरीला, वळणावरून तो बाहेर येताना… धूर. पांढरट, बारीक, डाव्या बाजूने.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी लाल फळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती एवढं आठवतं. आणि तो आला. एकही फेरी जास्त न घेता, लगेच, सरळ आत.

आम्ही खालचा पत्रा काढला. मी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला. एक, दोन, तीन, चार. कागद पांढराच. मग पत्र्याच्या कोपऱ्यात तेलाचे चार थेंब दिसले. सकाळी तेल भरताना हर्षदच्या हातून सांडलेलं. गरम पत्र्यावर ते जळत होतं, बस.

काहीच झालं नव्हतं. मी उगाच त्याला बाहेर काढलं होतं. सकाळी त्याला मिळालेली वेळ संपली होती.

"सॉरी," मी म्हणाले. "मी घाबरले. तुमची पूर्ण सकाळ मी…"

"मी सांडलेलं तेल हाय ते."

"पण तुम्ही थांबायला नको होतं! काटा समोर होता ना? दाब ठीक होता ना?"

"होता."

"मग आलात कशाला?"

"तू लाल दाखवलीस म्हणून," तो म्हणाला. जणू यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं.

दुपारी अजून एक संधी होती, पण तिथल्या तपासनिसांनी धूर पाहिला होता. त्यांनी कागद पुढे केला. ज्याने काम केलंय त्याने गळती नाही असं लिहून सही द्यायची, तरच गाडी पुन्हा ट्रॅकवर. पेन माझ्या हातात आलं, पण मी टोपण काढलं नाही.

हर्षद जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "भीती वाटत असेल तर नको करूस. खरंच. टीम काय, दुसरी मिळेल कधीतरी."

मिळणार नव्हती. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी पुन्हा खाली वाकले. चारही जोड परत पाहिले, बोटाने पाहिले. मग उठले.

"भीती वाटतेय," मी म्हणाले. "पण पाइप कोरडा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण नाव पूर्ण लिहिलं.

दुपारच्या दहा फेऱ्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात लांब फेऱ्या होत्या. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता, आणि मी फळी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. हिरवी. हिरवी. प्रत्येक वेळी वळणाआड तो गेला की मी सेकंद मोजायचे, आणि चंदेरी नाक दिसलं की थांबायचे. सातव्या फेरीला शेजारचं कोणीतरी ओरडलं, "एकोणीस पॉइंट चार!" मला अर्थ कळायलाही वेळ लागला. मी तोवर पुढच्या फेरीची वाट बघत होते.

तो उतरला तेव्हा घामाने निथळत होता. लोक हात मिळवत होते, टीमचे साहेब काहीतरी बोलत होते. तो सगळ्यांतून वाट काढत माझ्यापाशी आला.

"तेल किती होतं?" मी पहिलं हेच विचारलं.

"एकशे बारा. त्याच्या वर गेलंच नाही." मग जरा थांबून, "एक मिनिट एकोणीस. ते पण विचार ना."

"ऐकलं मी." आणि मग मला रडूच आलं. भर दुपारी, सगळ्यांसमोर, फळी हातात घेऊन.

तो गडबडला. इतका वेळ एवढ्या वेगात शांत बसलेला माणूस, आता हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. शेवटी त्याने माझ्या हातातली फळी काढून घेतली आणि रिकाम्या झालेल्या बोटांत आपली बोटं गुंफली.

"डिसेंबरपासून चार महिने टीमबरोबर कोइंबतूरला राहावं लागणार," तो म्हणाला. "मघाशीच सांगितलं साहेबांनी. जाताना एक गोष्ट न सांगता गेलो तर… तिकडे माझं लक्ष लागणार नाही. निशी, मला तू आवडतेस. पोलादपूरपासून. गाडीखालून बाहेर आलो तेव्हापासून."

मी त्याची बोटं घट्ट धरली.

"मला काळजी वाटणार," मी म्हणाले. "प्रत्येक शर्यतीला. रोज. हे असंच."

"वाटू दे. मला पण वाटणार. तू मशीनवर एकटी असशील तेव्हा." त्याचा आवाज खाली आला. "तुझ्या पप्पांना भेटायला येऊ? काय सांगू त्यांना?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगते."

मी तिथेच फोन लावला, धीर सुटायच्या आत. पप्पांनी उचलला.

"पप्पा… काम नीट झालं. पाइप टिकले."

"टिकणारच."

"आणि अजून एक सांगायचं होतं… हर्षद… म्हणजे मी…"

पलीकडून ते हसले. "कळलंय गो मला. चार दिस झाले, जेवणात लक्ष नाय तुझं. भाजीत मीठ दोनदा पडतंय. मी मुकाट खातोय." मग गंभीर होऊन, "पोरगा बरा वाटला मला. ऐकून घेतो. त्याला जेवायला घेऊन ये. आणि विचार, मासे खातो का."

मी फोन ठेवला. समोर तो उभा होता, श्वास रोखून.

"काय म्हणाले?"

आभाळातून दोन-चार टपोरे थेंब पडले. मी त्याच्याकडे पाहिलं, नजर न चुकवता.

"मासे खातोस का रे?"

"खातो की… का?" तो बोलून गेला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं. "काय म्हणालीस? खातोस?"

"हो," मी म्हणाले. "खातोस."