सात नंबरची हजेरी

आमच्या कारखान्यात टाकीच्या तोंडाशी बसणाऱ्याला काही काम नसतं, अशी सगळ्यांची समजूत आहे. स्टुलावर बसायचं, हातात पाना धरायचा आणि आत गेलेल्यांवर लक्ष ठेवायचं. असेनात का समजत. मी अकरा वर्षं त्या स्टुलावर बसतेय आणि माझ्या टाकीत गेलेला प्रत्येक माणूस आपल्या पायांनी बाहेर आलाय. मला सगळे हवालदारीण म्हणतात. मी हो म्हटल्याशिवाय आत कुणी पाय टाकत नाही, मग तो मॅनेजर का असेना.

कारखाना रंगाचा. रंगात घालायची राळ ज्या टाक्यांत शिजते त्या वर्षातून एकदा रिकाम्या करून आतून खरवडाव्या लागतात. टाकी म्हणजे दुमजली घराएवढा बंद पोलादी डबा. वरच्या अंगाला एकच गोल तोंड, धडधाकट माणूस अंग चोरूनच जाईल एवढं. कमरेला दोर बांधून शिडीने खाली उतरायचं. आत वॉकीटॉकी चालत नाही आणि हाक मारली तर ती घुमून नुसता कालवा होतो. म्हणून आमची जुनी पद्धत आहे. दर दहा मिनिटांनी मी बाहेरून पत्र्यावर पान्याने एक ठोका द्यायचा आणि आतल्या प्रत्येकाने एकेक ठोका परत द्यायचा. दोघं असले तर दोन. याला आम्ही हजेरी म्हणतो. हजेरी कमी आली की काम बंद, दोर ओढायला सुरुवात.

ठोक्यावरून मला माणूस कळतो. बोका वीस वर्षं टाक्या खरवडतोय. चालताना पावलांचा आवाज नाही म्हणून त्याचं नाव बोका, पण पाना हाणतो तो दार फोडल्यासारखा. धाड! माझा धाकटा भाऊ डावरा. तो पाना आधी पत्र्यावर घासतो आणि मग आपटतो. खर्र-टण्. "अरे, नीट वाजव की! दात शिवशिवतात माझे," असं मी त्याला शंभरदा झापलंय. तो हसतो आणि मुद्दाम अजून घासतो.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालून मीच वाढवला. आणि या कामाला लावलाही मीच. त्यामुळे तो आत असला की माझा जीव त्या दोराला बांधलेला असतो. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, पण खरं आहे.

सोमवारी सात नंबर उघडली. मी दोरीला बांधून गॅसचा मीटर आत सोडला. हवा ठीक होती. बोका आणि धाकटा खाली उतरले. पहिली हजेरी दोन, दुसरी दोन. तिसऱ्या वेळी मी ठोका दिला.

खर्र-टण्. धाड. आणि थोडं थांबून, टप्.

शेवटचा आवाज पोलादावर पोलाद आपटल्याचा नव्हता. ओल्या हाताने कुणी पत्रा थोपटावा तसा होता.

जेवणाच्या सुट्टीत मी बोक्याला धरलं. "काय रे, पोरखेळ लावलाय? तीन कशाला वाजवता?"

"तीन?" तो घास तसाच हातात धरून म्हणाला. "तुझ्या भावाला विचार. मला वाटलं, तोच टवाळी करतोय."

धाकटा म्हणाला, "मला वाटलं बोका."

तिघंही हसलो. मला काही ते हसू पचलं नाही.

मंगळवारी मी बोक्याला बजावलं, "तू शिडीखालीच थांबायचं, मला दिसशील असा." टॉर्च लावून मी त्याच्याकडे बघत राहिले आणि ठोका दिला. दुरून खर्र-टण् आलं. बोक्याने माझ्या डोळ्यांदेखत पाना हाणला, धाड. मग तो वर बघत राहिला, मी खाली बघत राहिले.

टप्.

तो प्रतिध्वनी नव्हता. प्रतिध्वनी आपल्या पाळीची वाट बघत नाही. आवाज आला तो तळाच्या पलीकडच्या बाजूने, धाकटा जिथे काम करत होता तिथून.

"बाहेर या! दोघंही, आत्ताच्या आत्ता!" मी ओरडले. बोका सरसर वर आला. धाकट्याचा दोर ताणला गेला, मग एकदम सैल पडला. मी ओढणार तेवढ्यात दोर पुन्हा ताणला गेला आणि तोंडातून त्याचं डोकं वर आलं.

"कुठे अडकला होतास रे?"

"कुठे नाही," तो म्हणाला.

दोघं गेले, दोघं आले. मी डोकी मोजली आणि वहीत सही केली. घरी तो मुकाट्याने जेवला आणि लवकर झोपला. दमला असेल, म्हटलं.

बुधवारी सकाळी टाकी उघडून मीटर सोडला. हवा ठीक. धाकटा माझ्या शेजारी बसून बुटांच्या नाड्या बांधत होता, बोका कठड्याला टेकून चहा पीत होता. आत कुणीच नव्हतं. तरीही माझा हात गेलाच. मी पत्र्यावर ठोका दिला.

आतून उत्तर आलं. खर्र-टण्.

बोक्याच्या हातातला चहा त्याच्याच पायावर सांडला. धाकट्याने मान वर केली नाही. तो नाड्या बांधत राहिला.

माझं डोकं जागेवर होतं. आत जे काही होतं, ते माझ्या भावाचा ठोका शिकलं होतं. त्याला माझा भाऊ हवा होता. मी पाना खाली ठेवला आणि म्हटलं, "आज या टाकीत कुणी उतरायचं नाही. मी बसणार नाही."

मॅनेजर आला. आम्ही त्याला इस्त्री म्हणतो, कारण भर उन्हाळ्यातही त्याच्या शर्टाला सुरकुती दिसत नाही. त्याने मीटर बघितला, टॉर्चने आत बघितलं. खरवडलेला स्वच्छ तळ, कोपरे, शिडी. चिटपाखरूही नव्हतं.

"बाई, अडचण काय आहे?"

"जीवाला धोका वाटला तर कामाला नकार द्यायचा हक्क आहे मला. तुमच्याच भिंतीवर कागद लावलाय, कँटीनच्या दाराशी. चार वेळा वाचलाय मी."

"वाटला म्हणून चालत नाही. काही कारण लागतं."

"आत कुणीतरी आहे."

तो हसला. "भूत?"

"भूत तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, कुणीतरी आहे."

"ठीक आहे. मी दुसरा माणूस बसवतो."

"बसवा की. पण त्याच कागदावर पुढे लिहिलंय, मी नकार दिला आणि का दिला हे त्याला आधी सांगावं लागतं. तुम्ही विसरलात तर मी आहेच. इथेच उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन."

"हवालदारीण नाही तर मीही नाही," बोका म्हणाला.

इस्त्री धाकट्याकडे वळला. "आणि तू? बहिणीच्या पदराआड लपणार?"

"ताई म्हणते ते बरोबर आहे," धाकटा शांतपणे म्हणाला. "टाकी बंद करा. पक्की बंद करा."

मला भरून आलं. एरवी माझा एक शब्द धड न ऐकणारा पोरगा चारचौघांत माझ्या बाजूने उभा राहिला होता. आता तर मी मागे हटणारच नव्हते.

माझा नकार तपासायला दुपारी सरकारी निरीक्षक बाई आल्या. पिकलेले केस, पायात जाड बूट, बोलणं मोजकं. त्यांनी स्वतः मीटर सोडला, स्वतः आत बघितलं, मग माझ्यापुढे अर्ज धरला. 'धोक्याचे स्वरूप' असा एक रकाना होता. मी लिहिलं: टाकी रिकामी असताना आतून हजेरी येते.

बाईंनी ते दोनदा वाचलं. इस्त्रीने घसा खाकरला. बाई म्हणाल्या, "वाजवा."

मी ठोका दिला.

खर्र-टण्.

इस्त्रीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाईंनी आधी आमची डोकी मोजली, मग पत्र्याला कान लावला. मी हात उचललाही नव्हता, तरी आतून पुन्हा आलं. खर्र-टण्.

"झाकण लावा," त्या म्हणाल्या. "चौकशी होईपर्यंत टाकी बंद. नकार ग्राह्य आहे."

जिंकले होते मी. झाकणाचे बारा बोल्ट मी स्वतः आवळले, एकेकावर अंगाचा भार टाकून. बाईंनी त्यावर कागदी सील चिकटवलं आणि सही केली. आतून ठोके येत होते. माझ्या भावाचा जीव वाचला होता आणि आत काय वाजतंय याची मला पर्वा नव्हती.

मग बाईंनी वही उघडली. "अहवालात लिहायला हवं. आत जाणाऱ्यांचे ठोके कसे असतात? एकेकाने वाजवून दाखवा, इथे कठड्यावर."

बोक्याने पाना हाणला. धाड.

धाकट्याने माझ्या हातातून पाना घेतला. उजव्या हातात घेतला.

टप्.

लोखंडी कठडा, लोखंडी पाना.

"पुन्हा," मी म्हटलं.

टप्.

बोका दोन पावलं मागे सरकला.

मी दोन दिवस तीन ठोके मोजले होते. सकाळपासून आतून एकच येत होता. आज तिसरा आत नव्हताच. आणि काल मी नुसती डोकी मोजली होती.

टाकीतून येणारे ठोके आता पाळी सोडून यायला लागले. भराभर, वेडेवाकडे. खर्र-टण्. खर्र-टण्. खर्र-टण्.

मी त्याच्या हातातून पाना हिसकावला आणि सील फाडलं.

"अहो बाई, गुन्हा आहे तो!" इस्त्री ओरडला.

"लिहा माझ्या नावावर."

पहिला बोल्ट मीच आवळलेला, निघता निघेना. मी दोन्ही पाय रोवले. माझ्या मागे, अगदी जवळ, तो येऊन उभा राहिला.

"ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू नकार दिलायस ना? मग आता मोडू नकोस."

मी मागे वळून बघितलं नाही. पहिला बोल्ट सुटला. दुसऱ्याला पाना लावला.

दुसरा सुटला तेव्हा ठोके थांबले. मी झाकणावर हात ठेवला. माझ्या तळहाताखाली, आतून, कुणीतरी ते हलकेच वर ढकलून बघत होतं.