मागची डावी बाजू

गाडी घरी आली ती १९३७ सालच्या दसऱ्याला. ड्रायव्हर कारभारीनं बॉनेटवर झेंडूची माळ बांधली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि लिंबं फुटल्याचा आवाज ऐकून अडीच वर्षांच्या छबूनं टाळ्या पिटल्या. गोरक्षरावांनी बायकोला मागच्या सीटवर बसवलं आणि दार लावत म्हणाले, "आता एकटं एकटं वाटतं म्हणून कुरकुरायचं नाही. रोज संध्याकाळी मायलेकींनी हवा खायला जायचं."

गोदावरी हसली. कुरकुरायला तरी समोर कोणी लागतं, हे ती बोलली नाही. नवरा आठवड्यातले पाच दिवस घोटीला. तिथं भात विकत घ्यायचं, सडून घ्यायचं आणि देवळाली कॅम्पात पलटणींना तांदूळ पुरवायचा, असा त्यांचा धंदा. नाशिक शहर आणि नाशिक रोडचं स्टेशन यांच्या अधेमधे, रस्त्यापासून जरा आत त्यांनी बंगला बांधला होता. जागा ऐसपैस, हवा चांगली, आणि हाक मारली तर ऐकायला कडुलिंबाची दोन झाडं. कामाची बाई दुपारी बाराला निघून जायची. मग दिवे लागेपर्यंत गोदावरी, छबू आणि घड्याळ.

गणित घेऊन बी.ए. झालेल्या बाईला रिकामा वेळ मिळाला की ती मोजत बसते. गोदावरी छबूचं दूध मोजायची, झोप मोजायची, आणि दर रविवारी बंगल्यामागच्या वखारीत नेऊन तिचं वजन करायची. कॅम्पाचा माल पौंडात तोलावा लागे, म्हणून वखारीत पौंडाची वजनं होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी छबू सत्तावीस पौंड भरली. गोदावरीनं तसं वहीत लिहिलं.

तेव्हा गाडीची खोड पहिल्यांदा तिलाच दिसली यात नवल नव्हतं. चार-पाच दिवस झाले असतील. फिरून आल्यावर ओसरीवरून पाहताना तिला वाटलं, गाडी मागून डावीकडे कलली आहे. गाडी रिकामी, खाली सपाट फरशी. तिनं शिवणाची टेप आणली. मागच्या उजव्या मडगार्डची कड जमिनीपासून अठ्ठावीस इंच. डाव्याची साडेसत्तावीस.

"अर्धा इंच!" कारभारी म्हणाला. "बाईसाहेब, आमच्या गावची बैलगाडी एका अंगानं हातभर खाली असती. तरी वऱ्हाड पोचतंच की."

"ही बैलगाडी नाही. नवी मोटार आहे."

"ते बी खरंच," म्हणून तो माळ सोडायला लागला.

पुढच्या रविवारी छबू सव्वीस पौंड भरली. शेवटच्या दाढा येत असतील, असं गोदावरीनं स्वतःला सांगितलं.

मोटारीची एजन्सी देवळाली कॅम्पात, बाजाराच्या टोकाला होती. पत्र्याचं मोठं गॅरेज. लांबवर तोफांचा सराव चालला की पत्रे थरथरत. तिथले इसाकमिस्त्री साठीचे होते. गोऱ्या साहेबांच्या गाड्यांखाली झोपून त्यांची हयात गेली होती. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. खुणा कोरलेली एक बांबूची पट्टी होती, ती ते मडगार्डला टेकवून उभी धरत आणि एक डोळा मिटून बघत.

"बाई, तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर," ते म्हणाले. "नवी नवरी आहे, लाजून एका अंगावर उभी राहते. पाटा बदलून देतो, ताठ होईल."

पाटा म्हणजे मागच्या चाकावरची लोखंडी पट्ट्यांची जुडी. गाडीचं वजन तिच्यावर असतं. तो बदलला. पट्टी लावली. दोन्ही बाजू सारख्या. गोदावरी कागदावर सही करून आली.

आठ दिवसांत गाडी एक इंच खाली होती आणि छबू पंचवीस पौंडांवर.

डॉक्टरांनी जीभ पाहिली, छाती तपासली, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या. काही नाही. टॉनिकची बाटली दिली. छबू जेवायची, पण अर्ध्यातच हात धुवायला मागायची. मोटारीत बसली की पूर्वी तिच्या तोंडाचा पट्टा चालायचा. कावळा, म्हैस, आगगाडीचा धूर. आता ती आईच्या अंगाला चिकटून गप्प बसायची.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रींनी मुंबईहून दोन्ही बाजूंचे नवे पाटे मागवले. त्यासाठी गाडी पंधरा दिवस गॅरेजात राहिली. त्या दोन्ही रविवारी छबू पंचवीसच भरली. ना कमी, ना जास्त. गाडी परत आली. चौथ्या दिवशी टेपवर एक इंच, आठव्या दिवशी दीड. छबू चोवीस.

गोदावरीनं चौकटीच्या कागदावर आडव्या रेघेला आठवडे लिहिले, उभ्या रेघेला एकीकडे इंच आणि दुसरीकडे पौंड. ठिपके जोडले. दोन रेघा एकमेकींचा हात धरल्यासारख्या खाली उतरत होत्या. तिनं कागद घडी करून वहीत ठेवला, आणि शनिवारी गोरक्षराव आले तेव्हा त्यांच्यापुढे उघडला.

ते चहा पिता पिता हसले. "अगं, गाडीच्या स्प्रिंगचा आणि पोरीच्या वजनाचा काय संबंध? बी.ए. झालीस ना तू? त्यातून गणितात."

"म्हणूनच म्हणते. एकदा होईल, दोनदा होईल. पाच वेळा कसं होईल?"

"बरं, मग तुझं म्हणणं काय?"

तिच्याजवळ म्हणणं नव्हतं. नुसते आकडे होते. "मला गाडी नको," ती म्हणाली. "परत करा. तीन महिन्यांची हमी आहे, अजून वेळ आहे."

"आत्ता नव्या तांदळाचा हंगाम आहे, गोदा. श्वास घ्यायला फुरसत नाही. मिस्त्रीला आणखी एकदा दाखव, नाही जमलं तर दे परत. झालं?" आणि सोमवारी पहाटेच्या पॅसेंजरनं ते घोटीला गेले.

तिसऱ्या खेपेला इसाकमिस्त्री हसले नाहीत. त्यांनी वाळूची पोती मागवली, नव्या पाट्यांच्या दुसऱ्या एका तशाच गाडीत डाव्या बाजूला एकेक करून ठेवली, आणि दर पोत्याला पट्टी लावून पाहिली.

"दीड इंच दाबायला पोतं-दीड पोतं लागलं," ते म्हणाले. "म्हणजे एक माणूस म्हणा. चांगलं भरलेलं. मागं कोण बसतं?"

"आम्ही दोघी."

"कुठं कुठं?"

"मी उजवीकडे. छबू माझ्याजवळ, मध्ये."

"आणि डावीकडे?"

"कोणी नाही."

मिस्त्रींनी डावं दार उघडलं. सीटचं कातडं उजवीकडे अजून करकरीत होतं, दुकानातून आल्यासारखं. डावीकडे त्यावर बारीक बारीक घड्या पडल्या होत्या. एकाच जागी कोणी वर्षानुवर्षं बसावं, तशा. मिस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरवला आणि चष्म्यावरून गोदावरीकडे पाहिलं. मग दार हळूच लावून घेतलं.

"साहेबांना सांगा, माझ्यानं हे होणार नाही," ते म्हणाले. "पाट्यात दोष असता तर मला सापडला असता."

संक्रांतीच्या आधी दोन दिवस छबूचं वजन साडेतेवीस झालं. तिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. हमीचे दोन दिवस उरले होते. गोदावरीनं एजन्सीला इंग्रजीत पत्र लिहिलं, उत्तराची वाट न पाहता छबूला शालीत गुंडाळलं आणि कारभारीला गाडी काढायला सांगितली. घरात सोडायला कोणी नव्हतं, म्हणून छबूला घेऊन ती पुढे, कारभारीच्या शेजारी बसली. मागची सीट रिकामी ठेवली. कॅम्पापर्यंत तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

एजन्सीच्या कारकुनानं बरीच घासाघीस केली; पण मिस्त्री मध्ये पडले आणि कागद झाले. सही करताना गोदावरीचा हात हलका झाला. गोरक्षरावांना निरोप द्यायला कारभारी दुपारच्या आगगाडीनं घोटीला निघून गेला.

शेवटची नोंद म्हणून मिस्त्रींनी पट्टी लावली. मागचं डावं दार उघडंच होतं. "दोन इंच," ते खाली वाकूनच म्हणाले.

छबूला खांद्यावर घेऊन गोदावरी त्या दाराशी उभी होती. तीन महिन्यांत नवऱ्याखालोखाल ती कोणाशी चार वाक्यं बोलली असेल तर ती या म्हाताऱ्याशी. आता इथं येण्याचंही कारण संपलं होतं.

"येते मी, मिस्त्री," ती म्हणाली. "या ना एकदा घरी. कोणी येतच नाही हो आमच्याकडे."

"येऊ, येऊ," मिस्त्री पुटपुटले. मग थांबले. पट्टी काढून त्यांनी पुन्हा लावली. उजवीकडे जाऊन लावली. परत डावीकडे आले.

"बाई," ते म्हणाले, "सरळ झाली."

कारकून मोठ्यानं हसला. "मग घेऊन जा की घरी! आता कसली तक्रार?"

"नको," गोदावरी म्हणाली, आणि झपझप बाहेर पडली.

फाटकाबाहेर फकिराचा टांगा उभा होता. फकिरा स्टेशनावरचाच, ओळखीचा. उन्हं छान पडली होती. बाजारात तिळगुळाच्या परड्या मांडल्या होत्या. पुष्कळ दिवसांनी छबूनं बोट दाखवलं आणि म्हणाली, "घोला." गोदावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मागच्या बाजूला चढून बसली.

"हां, बाई, पुढं या," फकिरा म्हणाला. "टांगा उलार व्हतोय."

मागे वजन जास्त झालं की घोड्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या टांग्याच्या लाकडी धुऱ्या वर उचलल्या जातात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा काचतो. टांगेवाल्याला ते लगामातूनच कळतं. गोदावरी उतरून पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसली. आता मागे कोणीच नव्हतं.

फकिरानं लगाम हलवला आणि परत ओढला. "मागं काय सामान ठिवलंय का?"

"नाही."

तो उतरून मागे जाऊन आला. गवताचं पोतं पुढे घेतलं. तरी धुऱ्या वरच. घोडा मान हलवून फुरफुरायला लागला. शेवटी फकिरा धुरेवरच पाय टाकून बसला, स्वतःचं वजन देऊन, आणि टांगा निघाला.

टांगा मैलभर पुढे आला. मग गोदावरी वळली आणि मागच्या रिकाम्या बाकाकडे बघून स्पष्ट आवाजात म्हणाली, "घरी या, असं मी मिस्त्रींना म्हणाले होते."

फकिरानं विचारलं नाही, कोणाला म्हणताय म्हणून.

"ऐकलंत का? मिस्त्रींना."



बंगल्याच्या वळणावर तिला वाटलं, पुढे जाऊ दे, शहरात जाऊ दे, कुठेही. पण छबू झोपली होती, पोरीला दूध द्यायची वेळ टळून गेली होती, आणि जायचं म्हटलं तर कोणाकडे?

फकिरानं टांगा थांबवला, उतरून फाटक उघडलं. ती छबूला घेऊन खाली उतरली.

टांगा हलला नाही. धुऱ्या पुन्हा वर.

फाटकातून आत येऊन ती चार पावलं गेली. मागे फाटक लागल्याचा आवाज आला नाही. तिनं वळून पाहिलं. फकिरा फाटक धरून उभा होता, टांग्याकडे बघत.

"लाव की रे, फकिरा."

"लावतो, बाई."

टांग्याची स्प्रिंग एकदा करकरली. धुऱ्या सावकाश खाली आल्या आणि घोड्याच्या पाठीवर टेकल्या. घोड्यानं मोठा श्वास सोडला.

फकिरानं नजर जमिनीकडे वळवली, थोडं थांबला, आणि मग फाटक लावलं. अगदी हळू, कुणाचा पदर मध्ये सापडू नये अशा बेतानं.