कॉमेंटरीतला दुसरा आवाज

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. मी त्यातला एक शब्दही बदलणार नाही.

९ डिसेंबर. नॉर्वेच्या उत्तर टोकाचं ट्रॉम्सो. सकाळचे अकरा.

बाहेर अंधारच होता. आमच्याकडे नोव्हेंबरात गेलेला सूर्य जानेवारीतच तोंड दाखवतो.

मी राग्नी. विसरलेले जुने चित्रपट साफसूफ करून डिस्कवर आणायचं माझं एकटीचं छोटंसं काम आहे. त्या वर्षी हातात होता १९५४ चा 'आंधळी खाडी'. एवढा मोठा चित्रपट, आणि लोकांनी पाहिलेला कसा? टीव्हीवरून उतरवलेल्या, मुंग्या आलेल्या कॅसेटवर. मूळ निगेटिव्ह मिळवायला मला चार वर्षं लागली.

डिस्कवर कॉमेंटरी हवी होती. म्हणजे चित्रपट चालू असताना जाणकार माणूस त्यावर बोलतो, ती. त्यासाठी टोरलेइफ नेसे आले होते. वय बहात्तर. दिग्दर्शक हाल्वदान रीसे यांच्यावर आयुष्यभर लिहिलेला माणूस.

ते काचेपलीकडच्या खोलीत एकटे. मी इकडे, कानाला हेडफोन.

वादळाचा प्रसंग आला. होडी. लाट. बाईचा चेहरा. आणि एकदम... रिकामा किनारा.

"हा कट म्हणजे रीसे यांच्या प्रतिभेचा कळस," टोरलेइफ म्हणाले.

आणि थांबले. मान डावीकडे वळवली.

"राग्नी, तू हसलीस का?"

"नाही."

"मग कोण हसलं?"

"तुमचं पोट गुरगुरलं असेल. सकाळपासून नुसती कॉफी ढोसताय."

मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

काम संपल्यावर मी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. वादळ आलं. त्यांचं वाक्य आलं. आणि मग...

कात्रीचा आवाज. कच्.

पाठोपाठ एका बाईचा आवाज. शांत. अगदी माइकला तोंड लावून बोलल्यासारखा.

"खोटं."

टोरलेइफना ऐकवलं. त्यांचा चेहरा उतरला, पण अकड गेली नाही.

"कुठल्या तरी जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज मिसळला असेल. पुन्हा करू."

जेवून पुन्हा बसलो. माइक बदलला. वायरी बदलल्या. खोलीचं दार मी स्वतः लावलं. टोरलेइफनी तेच वाक्य म्हटलं, जरा जास्तच जोरात.

या वेळी मी हेडफोनमध्येच ऐकलं.

"इथे मी कापलं. तो खुर्चीत घोरत पडला होता. तुला सांगितलं होतं ना रे, टोरलेइफ?"

आणि वर,

"केसही गेले की तुझे."

काचेपलीकडे टोरलेइफ यांचा हात आपसूक टकलावर गेला.

ते बाहेर आले. बसले.

"बोर्गहिल्ड औने," ते म्हणाले. "चित्रपटाचं संकलन तिने केलं. पडद्यावर नाव नाही तिचं. मी विद्यार्थी असताना दोन दिवस तिच्या स्वयंपाकघरात बसून तिची मुलाखत घेतली होती. कट न् कट सांगितला तिने मला."

"मग लिहिलं का नाहीत?"

"रीसे जिवंत होते. मला त्यांच्यावर पुस्तक करायचं होतं. त्या टेपवर नंतर मी फुटबॉलची मॅच भरली."

"आता कुठे असते ती?"

"एक्क्याऐंशी साली गेली."

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा संताप जास्त आला.

"उठा," मी म्हणाले. "परत आत बसा. या वेळी खरं बोला."

"माझी सगळी पुस्तकं चुकीची ठरतील, राग्नी."

"ठरू देत."

ते उठले. पावणेदोन तास बोलले. प्रत्येक कटाला तिचं नाव घेतलं.

मी वाट पाहत होते. कात्री नाही. हसू नाही. श्वाससुद्धा नाही...

त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटली. त्यांच्या बाजूच्या खुर्चीकडे मी एकदाही पाहिलं नाही.

डिस्कच्या वेष्टनावर मी ठळक छापायला दिलं, 'संकलन : बोर्गहिल्ड औने'. चित्रपटाचे हक्क रीसे यांच्या मुलाकडे, आमुंडकडे. पंचाहत्तरीचा माणूस. त्याचा फोन आला.

"ते नाव काढा. माझ्या बाबांचा चित्रपट आहे तो. नाहीतर कोर्टात खेचीन."

"खेचा," मी म्हणाले. "नाव निघणार नाही."

टोरलेइफ शेजारीच होते. त्यांनी फोन घेतला.

"आमुंड, साक्षीला मी येईन. तिच्या बाजूने."

कोर्टाची नोटीस काही आली नाही. मार्चमध्ये डिस्क बाजारात आली. नावासकट. खऱ्या कॉमेंटरीसकट.

आठवड्याने आमुंडचा पुन्हा फोन. मी भांडायच्या तयारीत होते. पण त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"डिस्क पाहिली. कॉमेंटरी लावून. अगदी शेवटी, समुद्र काळा होतो ना, तिथे... एक बाई मला हाक मारते. 'शेपटू' म्हणून."

तो तसाच बोलत राहिला.

"लहानपणी बाबांबरोबर मी स्टुडिओत जायचो. तिथे एक बाई मला फिल्मचे उरलेले तुकडे खेळायला द्यायची. तीच एकटी मला शेपटू म्हणायची. घरीसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

"राहू द्या तिचं नाव," तो म्हणाला. फोन ठेवला.

त्याच दुपारी मी डिस्क लावली. शेवट दहा वेळा ऐकला. समुद्र काळा होतो. टोरलेइफ थांबतात. आणि पुढे...

काही नाही.

काहीच नाही.

आता डिस्कची दुसरी आवृत्ती निघतेय. पुरावा काय म्हणून विचारणारी पत्रं अजून येतात. येऊ देत. मी असेपर्यंत ते नाव हलणार नाही.

फक्त ते शेवटचं मिनिट मी पुन्हा कधी ऐकलं नाही. लहानपणी मलाही घरचे एका खास नावाने हाक मारायचे... आणि तसं हाक मारणारं आता कुणीही उरलेलं नाही.