बावीस गावांसाठी एकच साचा

दुपारचे अडीच वाजले होते आणि शेजारचं झेरॉक्सचं दुकान जेवणासाठी बंद होतं. तेवढ्या एका कारणानं नियाज शिकलगार सबीनाच्या दारात आला.

"एक प्रिंट निघंल का?" त्यानं पेन ड्राईव्ह पुढे केला. बुटांवर, पँटच्या कडांवर, अगदी पापण्यांवरसुद्धा पांढरट धूळ होती.

सबीना मुलाणी सांगलीतल्या त्या टायपिंगच्या दुकानात सहा वर्षं काम करत होती. कितीतरी जणांचे प्रबंध तिच्या हातून देखणे होऊन गेले होते. तिनं फाईल उघडली आणि तिला हसू आवरेना.

"हे मथळे कसे केलेत तुम्ही?"

"कसे म्हणजे? अक्षर मोठं केलं, ठळक केलं... मधोमध आणलं."

"स्पेस बार दाबून?"

तो ओशाळला. "मोजून दाबलाय. सतरा वेळा."

"पहिल्या पानावर सतरा. चौथ्यावर एकोणीस आहेत."

"तुम्ही मोजलंत?" त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "माझं लिहिलेलं इतकं बारकाईनं कुणी बघितलं न्हाई अजून."

सबीनानं नजर पडद्याकडे वळवली. कान मात्र उगाच गरम झाले.

नियाज साताऱ्याचा. एका संस्थेसाठी जत तालुक्यातल्या बावीस गावांच्या जुन्या विहिरी बघायच्या, मोजायच्या आणि दर गावाचा एक अहवाल साताऱ्याच्या कार्यालयाला पाठवायचा, हे त्याचं काम. जतला खोली घेऊन एकटाच राहत होता. "सीमेकडच्या गावांत लोक कानडीच बोलतात," तो म्हणाला. "मला चार शब्द येतात. त्यातले दोन जेवणाचे."

तिनं त्याला स्टूल दिलं. "इकडे बघा. या ओळीला 'मोठी हो, ठळक हो' असं दर वेळी सांगायचं नाही. 'तू मथळा आहेस' एवढंच सांगायचं. मथळा कसा दिसणार ते एकदाच ठरवून ठेवायचं. याला स्टाईल म्हणतात. उद्या रंग बदलावासा वाटला, तर एका जागी बदला... सगळीकडे बदलतो."

"एका जागी बदललं की सगळीकडं?" तो पडद्याकडे बघत हळूच म्हणाला. "लय भारी हाय हे."

पुढच्या शनिवारी तो दुसरं गाव घेऊन आला. मग तिसरं. दर वेळी नवी फाईल, आणि दर वेळी सबीना मथळे, उपमथळे, तक्ते पहिल्यापासून बसवायची. सावकाश. तेवढ्यात तो सांगायचा— कुठल्या विहिरीच्या पायऱ्यांत पारव्यांनी घरटी केलीत. बिराप्पा नावाचे एक म्हातारे धनगर आटलेल्या विहिरीशी रोज कसे बोलतात.

"काय बोलतात?"

"कानडीत बोलतात. पण चौकशी करत असावेत."

ती हसली, आणि मग आपलंही सांगून बसली. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली. अम्मी त्याच्या आधीच गेली. भाऊ अफताब कतारला असतो, शुक्रवारी फोन करतो.

"आणि बाकीचे सहा दिवस?"

"प्रबंध," ती म्हणाली.

तो हसला नाही. 

एक गोष्ट मात्र सबीना त्याला सांगत नव्हती. एका फाईलीत ठरवलेल्या स्टाईली दुसऱ्या फाईलीत जशाच्या तशा नेता येतात. एक साचा करून दिला असता, तर बावीसच काय, दोनशे गावांचे अहवाल त्यानं जतमध्ये बसून केले असते. पाच मिनिटांचं काम. आज सांगू, असं ती दर शनिवारी ठरवायची. आणि तो दारात दिसला, की... राहायचंच.

घरी गेल्यावर ती रेडिओ लावायची. ऐकायला नव्हे, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून.

मार्चमध्ये तो बुधवारीच आला. चेहरा उतरलेला. "राहिलेली तेरा गावं सोमवारपर्यंत द्या म्हणतायत. न्हाई जमलं, तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला जाणार."

सबीनाचा हात माऊसवर तसाच राहिला. मग ती कामाला लागली. नऊ शनिवार जपलेल्या त्या स्टाईली तिनं एका कोऱ्या फाईलीत घेतल्या, साचा म्हणून जतन केल्या आणि पेन ड्राईव्हवर टाकल्या.

"नवं गाव आलं की यातूनच फाईल उघडायची. मजकूर टाकायचा, मथळ्याला मथळा म्हणायचं. बाकी सगळं आपोआप."

"एवढंच?"

"एवढंच." तिनं आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा ठेवला. "आता तुम्हाला यायची गरज नाही पडणार."

त्यानं क्षणभर वाट पाहिली— कशाची, कोण जाणे. "न्हाई पडणार," तो म्हणाला आणि गेला.

शनिवार आला. दुपारी अडीचला सबीनानं दाराकडे पाहिलं, तीनला पाहिलं, चारला पाहणं सोडून दिलं. पुढच्या शनिवारीही तेच. दुकानाचे मालक लालासाहेबकाका तिला टेबलाशी नुसतं बसलेलं बघायचे आणि परत पेपरात डोकं घालायचे.

एप्रिलच्या शेवटी ईमेल आला. अहवाल मंजूर झाले, काम टिकलं, साताऱ्याला परत आलोय, आभारी आहे. सोबत बाविसाव्या गावाची फाईल. तिनं ती पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत तपासली. एकही चूक सापडली नाही, तेव्हा तिला रडू आलं.

"पोरी," काका पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "सातारा काय परमुलूख न्हाई. तीन तासांची येष्टी हाय."

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या त्या कार्यालयाखाली ती उभी राहिली. तेव्हा उन्हं कलली होती. निरोप मिळताच नियाज जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत आला आणि चार पावलांवर थबकला.

"तुम्ही? इथं?"

"एक कबुली द्यायची होती." बसमध्ये शंभरदा म्हटलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. "तो साचा... मला पहिल्याच दिवशी देता आला असता. मुद्दाम दिला नाही. जतहून एवढे हेलपाटे तुम्ही मारलेत ते माझ्यामुळे."

"का पण?"

"तुम्ही आला नसता."

नियाजनं मान खाली घातली.

"लय राग यायला पायजे खरं तर."

"मग?"

"सांगलीच्या स्टँडवर उतरलो की हॉटेलाच्या आरशात भांग पाडायचो मी. राग कुठनं आणू?" मग अगदी हळू— "त्या दिवशी म्हणालात, यायची गरज नाही. मला वाटलं, टाळताय."

"तुम्हीही 'नाही पडणार' म्हणालात."

"दुसरं काय म्हणणार? वाटलं होतं, तुम्ही म्हणाल... तरी या."

सबीना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"माझ्या अम्मीला पाठवू?" त्यानं विचारलं. "तुमच्या घरी... बोलायला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोलणार कुणाशी? घरी मीच असते."

"मग तुमच्याशीच बोलंल. ठरवायचं पण तुम्हालाच हाय."

सबीनानं मान हलवली. पर्समधून कागद काढून पत्ता लिहिला, त्याच्या हातात दिला आणि एकदम काहीतरी आठवून परत घेतला. खाली आणखी एक ओळ लिहिली.

"बेल बंद आहे," ती म्हणाली. "कुणी यायचंच नाही, म्हणून दुरुस्त केली नव्हती. अम्मींना सांगा... दार वाजवा म्हणावं."