रात्रभर जागणारा संगणक

"ढकला म्हातारबुवा, ढकला! सकाळी जेवलात ते काय नुसतं दाढीला लावलंत?"

आतोबा स्टिअरिंगवर बसून ओरडत होते. मागे सत्तरीला टेकलेले फ्यूजकाका दोन्ही तळवे डिकीला लावून, पार वाकून ती जुनी गाडी ढकलत होते. गाडी इंचाइंचाने सरकली, उचकी दिली, काळा धूर काकांच्या तोंडावर सोडला आणि सुरू झाली. आतोबा थांबलेसुद्धा नाहीत. भुर्रकन निघून गेले.

"आजचे टोमणे सहा," पोपट म्हणाला. "काल चार होते. माणूस प्रगती करतोय!"

"तोंड मिट आणि काकांना पाणी दे," ताई म्हणाली.

सुट्टीला आत्याकडे आल्यापासून तिघांचा मुक्काम वरच्या घरात कमी आणि खालच्या गॅरेजात जास्त होता. ताई नुकतीच नववीत गेलेली. तिच्या मनात काय चाललंय ते तिच्या वेणीलाही कळत नसे. पोपट तिचा धाकटा भाऊ. त्याच्या मनातलं अख्ख्या गल्लीला कळे. मुंगी त्यांची चुलत बहीण, दहा वर्षांची. उंदीर अडकेल अशा जागेतून ती आरपार जाई.

आणि आतोबा? आत्याचे यजमान, गॅरेजचे मालक. गाड्यांना हॉर्न, सीटकव्हरं, स्पीकर बसवून द्यायचे, म्हणजे फ्यूजकाकांकडून बसवून घ्यायचे आणि गिऱ्हाइकापुढे "मी बसवलं" म्हणायचे. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

गाडीत खराखुरा संगणक बसवायची कल्पना मात्र पोरांची. नऊ दिवस तिघं त्यालाच चिकटून होती. बिलं छापणाऱ्या बंद यंत्रातला छोटा बोर्ड, सात इंचांचा पडदा, आणि आत्याचा स्टीलचा चपटा डबा. डब्याला हवेसाठी भोकं पाडली. खड्ड्यांत धक्के बसू नयेत म्हणून झिजलेल्या चपलांचं रबर कापून त्याच्याखाली लावलं. गाणी, रस्त्यांचे नकाशे, मागचा कॅमेरा, सगळं त्या पडद्यावर!

वायरी जोडायला फ्यूजकाकांनीच शिकवलं होतं. त्यांचा हात थरथरायचा, पण जोडाला टेकला की दगडासारखा स्थिर.

"ही पिवळी थेट बॅटरीची. ती कायम जिवंत," ते म्हणाले होते. "ही लाल किल्लीची. किल्ली फिरली की लाल जागी होते आणि संगणकाला उठवते. किल्ली काढली की तोही सगळं आवरून झोपतो. दोघींची गल्लत केलीत तर तो रात्रभर जागेल आणि सकाळपर्यंत बॅटरी पिऊन मोकळा होईल!"

चार दिवस गाडी झकास चालली. मग बुधवारी सकाळी बॅटरी मेलेली, आणि गुरुवारी पुन्हा.

त्या गुरुवारी आतोबा परत आले तेच पाय आपटत. त्यांनी सगळ्यांसमोर फ्यूजकाकांची हत्यारांची पिशवी काढून घेतली आणि हातात बादली दिली.

"आजपासून सीटकव्हरं धुवा! थरथरत्या हाताला तेवढंच झेपेल. फेस आपोआप होईल!"

रस्त्यावरचे दोघंतिघं हसले. आतोबांना चेव आला.

"शनिवारी टॅक्सीवाल्या बाई येतायत. अकरा टॅक्स्या आहेत त्यांच्या, सगळ्यांत असा संगणक हवाय. त्या दिवशी गाडी ढकलावी लागली ना, तर रविवारपासून घरी! आणि एकेका गॅरेजला फोन करून सांगेन, की हा माणूस वायर बघून नाही, अंदाजाने जोडतो. बघू कोण दारात उभं करतंय!"

 फ्यूजकाका बादली घेऊन नळाकडे गेले. तीस वर्षांत त्यांचा एक जोड सुटला नव्हता, आणि आता त्यांचं नाव एकेका गॅरेजच्या फोनवर सुटायचं होतं.

दुपारी आतोबा वर जाऊन घोरू लागले. तिघं गाडीत शिरली. गाडीला चार्जर लावून ताईने पडदा सुरू केला.

"संगणक कधी उठतो, कधी झोपतो ते तो स्वतःच लिहून ठेवतो. बघूया. रविवार, सकाळी दहाला उठला, रात्री आठला झोपला. सोमवार, तसंच. मंगळवार, दुपारी चारला उठला..."

"आणि?" पोपटाने मान घुसवली.

"झोपलाच नाही! पहाटे सव्वापाचला एकदम मेला. काल तेच!"

"म्हणजे मंगळवारी कोणीतरी वायरी बदलल्या! मुंगे, शीर आत!"

मुंगी डॅशबोर्डखाली शिरली. बाहेर फक्त दोन मोजे दिसत होते.

"लाल वायर कापलीय!" आतून आवाज आला. "आणि पिवळीला पिळून टाकलीय! वर चिकटपट्टी गुंडाळलीय!"

"फ्यूजकाका चिकटपट्टीला हात लावत नाहीत," ताई म्हणाली. "ते कथलाचा डाग देऊन वर रबरी नळी चढवतात."

"पण ही जखमेवरची पट्टी आहे! निळ्या माशांची! माझ्या डब्यातली!"

"का गं, वायरला खरचटलं होतं?" पोपट खिदळला आणि मधेच गप्प झाला. निळ्या माशांची एक पट्टी त्याने मंगळवारपासून रोज पाहिली होती. आतोबांच्या अंगठ्यावर!

तिघं जिना चढून आत्याकडे धावली.

"आत्या, मंगळवारी दुपारी काय झालं होतं गं?"

"व्हायचंय काय? तुमच्या आतोबांचे साडू आले होते. ह्यांनी मोठ्या ऐटीत गाडीतला संगणक दाखवला. किल्ली फिरवली, तर चाळीस सेकंद पडदा काळाच! साडू म्हणाले, 'हा उजाडेपर्यंत मी घरी पोचून चहासुद्धा पिईन!' बाई गं! दोन घास कमी जेवले त्या दिवशी."

आता हिशेब लागला. साडू हसू नयेत म्हणून आतोबांनी संगणकाला कायम जागंच ठेवलं होतं. किल्लीची वाटच बघायला नको! चाळीस सेकंदांची लाज वाचली आणि तिची भरपाई एक म्हातारा रोज सकाळी पाठीने करत होता.

"काकांना सांगूया," मुंगी म्हणाली.

"नको. काका सांगतील आणि आतोबा म्हणतील, 'पट्टी तुम्हीच चोरून लावलीत.' पुरावा हवा," ताई म्हणाली.

त्यांनी लाल वायर पुन्हा जागच्या जागी जोडली. दुकानातला एक सुटा कॅमेरा सीटखाली, डॅशबोर्डकडे तोंड करून बसवला. ताईने संगणकाला शिकवलं, की किल्ली काढल्यावरही पडदा काळा ठेवून अर्धा तास जागं राहायचं आणि सगळं टिपायचं, आवाजासकट.

शुक्रवारी सकाळी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली!

"बघितलंत?" आतोबा बादलीकडे बघत म्हणाले. "गाढवाला आणि म्हाताऱ्याला बोलल्याशिवाय गत्यंतर नाही!"

आणि ते तडक साडूंकडे गेले. तिथे पडदा पुन्हा चाळीस सेकंद काळा राहिला असणार, कारण दुपारी परतले ते कानांपर्यंत लाल होऊन. सगळे जेवायला वर गेले, आतोबा तेवढे खाली राहिले.

संध्याकाळी तिघांनी ते चित्रण पाहिलं. पोपटाला हसू आवरेना. पण शेवटची वाक्यं ऐकली आणि त्याचंही हसू विरलं.

"झालं! पुरावा मिळाला!" मुंगी म्हणाली. "आता वायर नीट करूया. नाहीतर उद्या काकांना परत ढकलावं लागेल."

ताईने डोकं हलवलं. "राहू दे तशीच. उद्या बाईंच्या समोर गाडी बंद पडू दे. आतोबांना काकांवर ओरडू दे, अगदी पोटभर. आणि मग हे लावायचं!"

"बापरे!" पोपटाने टाळी दिली. "काय तोंड होईल त्यांचं!"

"पण काका..."

"एकदाच गं! एका दिवसाने काय होतंय?"

मुंगीने पकडीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि पकड खाली ठेवली.

शनिवारी दहाला टॅक्सीवाल्या बाई स्वतः टॅक्सी चालवत आल्या. उंच, खणखणीत आवाजाच्या. आतोबांनी झुकून गाडीचं दार उघडलं, किल्ली फिरवली. खट्. फक्त खट्.

"म्हातारबुवा!" आतोबा किंचाळले. "केलीत ना शेवटी माती? चला, ढकला! बाई, काय सांगू, दया येते म्हणून ठेवलाय. ढकला! जोर लावा, का तोही अंदाजाने लावता?"

गल्ली जमली. फ्यूजकाकांनी बादली ठेवली, ओले हात विजारीला पुसले आणि डिकीला टेकवले. गाडी सरकली, सुरू न होताच उतारावर झटकन पुढे गेली आणि काका पालथे पडले. तळव्याची साल निघाली. कोणीतरी हसलं.

"पडायलासुद्धा मुहूर्त बघतात!" आतोबा म्हणाले.

"थांबा, आतोबा!" ताई पुढे झाली. तिचा आवाज ठरवला होता तेवढा मोठा निघाला नाही. "बाई, तुमच्या टॅक्सीच्या बॅटरीची केबल जोडू? गाडीला काय झालंय ते गाडीच सांगेल."

केबल जोडली. पडदा उजळला. ताईने बटण दाबलं.

पडद्यावर आतोबा होते! सीटवर पाय, डॅशबोर्डखाली डोकं, दातांत लाल वायर. कानाशी खांद्याने दाबलेला फोन. आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू गेला, कारण स्पीकर आतोबांच्याच दुकानातले, चांगले दणदणीत होते.

"हो हो, केली परत थेट! आता दाखवतो तुम्हाला, दार उघडायच्या आत पडदा हजर! ... बॅटरी? उतरते ना! उतरू दे! म्हातारा आहे की ढकलायला!"

 गल्ली हसली, पण आता हसण्याची दिशा फिरली होती. आतोबांनी पडद्यावर हात ठेवला. आवाज हाताखालून येतच राहिला.

"वरून मी सगळं ऐकलं हो," जिन्यावरून आत्या म्हणाली. "अंगठ्याला पट्टी मीच लावून दिली होती. जिभेला लावायला हवी होती!"

टॅक्सीवाल्या बाईंनी डबा उघडून रबरी नळ्या चढवलेले जोड एकेक करून पाहिले.

"हे कोणी जोडलं?"

"पोरांनी," फ्यूजकाका रुमालाने तळवा दाबत म्हणाले. "मी फक्त दाखवलं."

"मग अकराच्या अकरा टॅक्स्यांत संगणक तुम्ही जोडायचे, आमच्याकडे. ह्या गॅरेजात माझी एकही गाडी येणार नाही. पिशवी घ्या तुमची."

आतोबांनी "अहो, पण" म्हणेपर्यंत आत्याने पिशवी आणून काकांच्या हातात दिली होती. बाईंनी ताईच्या पाठीवर थाप मारली. "काय डोकं आहे पोरी तुझं!" शेजारचे पंक्चरवाले म्हणाले, "पोलिसांत घ्यायला पाहिजे तिघांना!" पोपट एवढा फुगला की त्याच्या सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं.

"काका, आम्हाला कालच कळलं होतं!" तो ओरडला. "संध्याकाळीच! आम्ही मुद्दाम वायर तशीच ठेवली, आजच्यासाठी!"

फ्यूजकाका टॅक्सीत बसता बसता थांबले.

"काल संध्याकाळी?"

"हो!"

"मग आज सकाळी मी ढकलली ती..."

पोपटाने ताईकडे पाहिलं. ताईने जमिनीकडे पाहिलं. मुंगी रडायला लागली.

काकांनी रुमाल उलटा करून पुन्हा तळव्याला गुंडाळला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"हुशार आहात रे पोरांनो," ते म्हणाले. "अगदी तुमच्या आतोबांसारखे."

आणि त्यांनी दार अलगद लावून घेतलं.